जपानी परंपरेतले रंग आणि त्यांचे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी भाषा शिकवताना व्याकरणापेक्षा जास्त प्रश्न मला रंगांवर येतात. कुणाला जपानी सहकाऱ्याच्या लग्नाला जायचं असतं, कुणी भाषांतर करत असतं, कुणाला नुसतंच कुतूहल असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

लाल म्हणजे शुभ, पांढरा म्हणजे शोक, असा सरळ तक्ता मिळेल का?

असे तक्ते खूप फिरतात आणि ते जवळजवळ नेहमीच फसवतात. जपानी परंपरेत नुसत्या लालला अर्थ नाही. कोणता लाल, कशापासून काढलेला, कुणाच्या अंगावर आणि कोणत्या महिन्यात, हे कळलं की अर्थ लागतो. हिंगुळाचा लाल देवळाच्या खांबावर असतो, करडईचा लाल ओठांवर, मंजिष्ठेचा लाल चिलखताच्या दोऱ्यांत. तीन वस्तू, तीन वेगळी नावं. म्हणून पुढची उत्तरं वाचताना रंगापेक्षा त्यामागच्या झाडाकडे, मातीकडे आणि प्रसंगाकडे जास्त लक्ष द्या.

जुन्या जपानी भाषेत चारच रंग होते, हे खरं आहे का?

रंग डोळ्यांना सगळे दिसतच होते, पण मूळ रंगशब्द चार: आका, कुरो, शिरो, आओ. याचा पुरावा आजच्या व्याकरणातही सापडतो. आकाइ, कुरोइ, शिरोइ, आओइ ही चार विशेषणं थेट बनतात. पिवळ्याला मात्र किइरोइ आणि तपकिरीला चाइरोइ म्हणावं लागतं, म्हणजे मध्ये ‘इरो’ (रंग) हा शब्द घालावा लागतो. हिरवा, जांभळा, करडा यांना तर तसं विशेषणही नाही.

हे चार शब्द मुळात उजेडाचे असावेत, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. आकाचं नातं ‘आकारुइ’ म्हणजे उजळशी, कुरोचं ‘कुराइ’ म्हणजे अंधाराशी. शिरो म्हणजे स्पष्ट दिसणारं, आओ म्हणजे धूसर, मधलं काहीतरी. पहाट फुटते, रात्र पडते, एखादी गोष्ट ठळक दिसते, एखादी अस्पष्ट. चार रंगांची भाषा तिथून सुरू झाली.

सिग्नल हिरवा असतो, मग जपानी लोक त्याला निळा का म्हणतात?

कारण ‘आओ’च्या पोटात निळा आणि हिरवा दोन्ही येतात. हिरवं सफरचंद म्हणजे आओरिंगो, कोवळी पालवी म्हणजे आओबा. ‘मिदोरि’ हा हिरव्याचा शब्द आहे, पण तो आधी कोंब, ताजेपणा अशा अर्थाने वापरात होता. म्हणूनच तान्ह्या बाळाला जुना शब्द ‘मिदोरिगो’, आणि बाईच्या काळ्याभोर तुकतुकीत केसांना ‘मिदोरिचे काळे केस’ म्हणतात. तिथे केस हिरवे नसतात, टवटवीत असतात.

टोकियोत हिबियाच्या चौकात १९३० साली पहिला स्वयंचलित सिग्नल लागला. तेव्हा नियमात ‘हिरवा’ असंच होतं. लोकांनी मात्र पहिल्यापासून ‘आओ’ म्हटलं, आणि पुढे कायद्याने लोकांचा शब्द स्वीकारला. आजचे तिथले दिवे किंचित निळसर हिरवे असतात.

जपानी ध्वजावरचा लाल नेमका कोणता?

१९९९ च्या ध्वजविषयक कायद्यात त्याचं नाव ‘बेनिइरो’ असं आहे. बेनि म्हणजे करडईच्या फुलाचा लाल. होय, आपली करडई. सोलापूरकडे, मराठवाड्यात तेलासाठी पेरतात आणि कोवळी असताना जिची भाजी करतात तीच. जपानीत तिला बेनिबाना म्हणतात. आपल्याकडेही ‘कुसुंबी’ हा शब्द याच फुलाच्या रंगावरून आला, पण तेलाच्या हिशेबात आपण तो रंग जवळपास विसरलो.

जपानात या फुलाचं माहेर म्हणजे उत्तरेकडचा यामागाता प्रांत, मोगामि नदीचं खोरं. फुलं जुलैमध्ये आणि अगदी पहाटे खुडतात. त्याचं कारण करडई निंदलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही: काटे. दवाने ते नरम असतात तेवढ्या वेळात काम उरकायचं.

पुढची कारागिरी पाहण्यासारखी आहे. फुलात पिवळा रंग भरपूर आणि लाल जेमतेम शंभरातला एक भाग. पिवळा पाण्यात विरघळतो, लाल विरघळत नाही. म्हणून पाकळ्या धुऊन धुऊन पिवळा काढून टाकतात, ओल्या पाकळ्या झाकून आंबवतात, कुटतात आणि छोट्या वड्या थापून वाळवतात. या वड्या नदीने साकाता बंदरात आणि तिथून जहाजाने क्योतोच्या वाटेला लागत. क्योतोत राखेच्या निवळीने लाल रंग सोडवून घ्यायचा आणि धुरावलेल्या आंबट फळाच्या, ‘उबाइ’च्या, पाण्याने तो कापडावर बसवायचा. एवढ्या खटपटीमुळे बेनि सोन्याच्या तोलाने विकली जाई, अशी म्हण पडली.

मी बेनिची एक छोटी चिनी मातीची वाटी हातात घेऊन पाहिली आहे. आत लाल काहीच दिसत नाही. आतल्या बाजूला लेप असतो तो चकाकत्या हिरव्या रंगाचा, भुंग्याच्या पाठीसारखा. ओला कुंचला त्यावर टेकवला की टेकवलेल्या जागी एकदम लाल. एदो काळाच्या (१६०३–१८६८) उत्तरार्धात बायका खालच्या ओठावर बेनिचे थरावर थर देऊन मुद्दाम हा हिरवा झळाळ आणत. एवढी महागडी बेनि लावायची ऐपत आहे, हे त्यातून दिसायचं.

तोरिई म्हणजे देवळापुढची कमान लालच असते ना?

नाही. इसेचं महामंदिर शिंतो या जपानच्या मूळ धर्मपरंपरेतलं सर्वात पवित्र स्थान, आणि तिथल्या तोरिई बिनरंगाच्या, कोऱ्या लाकडाच्या आहेत. टोकियोच्या मेइजी मंदिरातही तसंच. छायाचित्रांत सारखी दिसणारी शेंदरी कमानींची रांग ही प्रामुख्याने इनारि देवतेच्या मंदिरांची, विशेषतः क्योतोच्या फुशिमि इनारिची ओळख. तिथली प्रत्येक कमान कुणीतरी वाहिलेली आहे आणि मागच्या बाजूने पाहिलं तर खांबावर देणाऱ्याचं नाव दिसतं.

या शेंदरी रंगाला ‘शु’ म्हणतात. मूळ द्रव्य हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. तो लाकूड कुजू देत नाही आणि वाईट शक्तींना दूर ठेवतो, अशी दुहेरी समजूत. मला ही दोन कारणं वेगळी वाटत नाहीत. जे कुजू देत नाही ते राखणदारच.

हिंगूळ महाग, म्हणून घरांसाठी लोहाची लाल माती वापरत, आपली काव म्हणा ना. तिचं जपानी नाव आहे ‘बेंगारा’, आणि ते आलंय बंगालवरून, कारण ही माती तिकडून येते असा समज नावातच कोरला गेला. पुढे बेंगारा जपानातच तयार होऊ लागली आणि त्यात ओकायामा प्रांतातलं फुकिया हे गाव नावाजलं. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती आणि जाळ्या आजही तांबूस आहेत. पुणेकरांना ओकायामा परकं नाही: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच बेतलेलं आहे.

लहान मुलांना आणि साठी झालेल्यांना लाल कपडे का घालतात?

तान्ह्या बाळाला जपानीत ‘आकागो’ म्हणतात, शब्दशः लाल मूल. देवीची साथ येई तेव्हा रोग घालवण्यासाठी आजारी मुलाभोवती लाल वस्तू ठेवत, लाल शाईत छापलेली चित्रं टांगत. आइझु भागातला मान हलवणारा लाल बैल, आकाबेको, आणि लाल दारुमा बाहुली यांच्याशीही हीच समजूत जोडली गेली.

साठीचं नातं पंचांगाशी आहे. चिनी पद्धतीच्या कालगणनेत साठ वर्षांचं चक्र असतं. साठ पूर्ण झाले की माणूस जन्मवर्षाच्याच नावाच्या वर्षात परत येतो, म्हणजे नव्याने बाळ होतो. म्हणून लाल बंडी आणि लाल टोपी. आपल्याकडे प्रभवपासून क्षयपर्यंत साठ संवत्सरं मोजतात आणि साठीशांत करतात, त्यामुळे हे मराठी माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

लाल आणि पांढरा एकत्र का दिसतात?

ही जोडी, ‘कोहाकु’, आनंदाची. समारंभातले लाल-पांढरे पट्ट्यांचे पडदे, आहेराच्या पाकिटावरचा दोरा, दोन रंगांच्या मान्जू मिठाया. तिचा उगम बहुतेक वेळा ११८० ते ११८५ च्या गेन्पेइ युद्धात दाखवतात, ज्यात ताइरा घराण्याचे झेंडे लाल आणि मिनामोतोंचे पांढरे होते. दोन संघांत खेळ असला की आजही एक लाल आणि एक पांढरा. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर वर्षाच्या शेवटच्या रात्री होणारी गाण्यांची स्पर्धा १९५१ पासून याच दोन संघांत चालते.

पांढरा शुभ की अशुभ?

पांढरा म्हणजे कोरा, वेगळा काढलेला, देवाच्या किंवा पलीकडच्या जगाच्या बाजूचा. हे एकदा लक्षात घेतलं की विरोधाभास उरत नाही. शिंतो पुजाऱ्याचा झगा, देवळाच्या दोरावर लटकणाऱ्या कागदी झिरमिळ्या, शिकोकु बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेकरूंचा सदरा, हाराकिरी करणाऱ्या सामुराईचे कपडे, प्रेताला नेसवलेला किमोनो आणि नवरीचा ‘शिरोमुकु’: सगळे पांढरे. प्रत्येक ठिकाणी माणूस एका आयुष्यातून दुसऱ्यात जायच्या उंबरठ्यावर आहे.

नवरीच्या पांढऱ्याचा अर्थ ‘सासरच्या रंगात रंगायला तयार’ असा सांगतात. मला तो अर्थ आवडत नाही, पण तो सांगितला जातो हे खरं. मुख्य विधीनंतर नवरी रंगीत वस्त्र नेसते. त्या बदलाला ‘इरोनाओशि’ म्हणतात.

मग शोकाचा रंग काळा कधी झाला?

सर्वसामान्य लोकांत शोकाचा रंग शतकानुशतकं पांढराच होता. मेइजी काळात (१८६८–१९१२) दरबाराने पाश्चात्त्य रीत उचलली. १८९७ साली राजमाता एइशोच्या अंत्यविधीच्या वेळी काळा पुढे आला आणि विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, तो घरोघरी पोचला. म्हणजे आज जो ‘परंपरागत जपानी शोकाचा काळा’ म्हणून सांगतात, तो दीडशे वर्षांचासुद्धा नाही.

त्याही आधी, हेइआन काळातल्या (७९४–११८५) दरबारात, दुःख करड्या रंगात मोजलं जाई. त्या मंद करड्याला ‘निबिइरो’ म्हणत. नातं जितकं जवळचं आणि वरचं, तितका रंग गडद. ‘गेंजी मोनोगातारि’ या अकराव्या शतकातल्या कादंबरीत याचा एक प्रसंग आहे, जो मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. नायक गेंजीची बायको आओइ बाळंतपणानंतर जाते. नवऱ्याने बायकोसाठी फिका करडा घालायचा असा नियम, म्हणून तो फिका घालतो. कपडे चढवताना त्याच्या मनात येतं: मी आधी गेलो असतो, तर हिने याहून कितीतरी गडद रंग घातला असता. त्यांचं कधी फारसं पटलं नव्हतं. त्या एका छटेच्या फरकात त्याला सगळं कळतं.

या करड्याचा एक धागा आजही शिल्लक आहे. अंत्यविधीला द्यायच्या पैशांच्या पाकिटावर नाव फिक्या शाईने लिहितात. शाई उगाळताना अश्रू पडून ती पातळ झाली, असा त्याचा अर्थ.

काळ्याला चांगले अर्थ नाहीत का?

भरपूर आहेत. सर्वात औपचारिक किमोनो काळाच असतो, त्यावर घराण्याची पांढरी चिन्हं. लग्नात वरमाय आणि वधूमाय काळा तोमेसोदे नेसतात. चित्रकार म्हणतात की शाईच्या काळ्यात पाच रंग असतात, आणि नुसत्या शाईत काढलेलं डोंगरावरचं धुकं पाहिलं की ते पटतं. विवाहित बायका दात काळे करत, ती प्रथा सौंदर्याची होती. १८७३ मध्ये सम्राज्ञीने स्वतः ती सोडल्यावर शहरांत ती ओसरली.

खोल काळा मिळवणं हे रंगाऱ्यांचं अवघड काम. त्यातल्या एका नामांकित काळ्याचं नाव ‘बिनरोजि’, आणि बिनरो म्हणजे सुपारी. उष्ण देशांतून जहाजाने आलेली सुपारी तिथे खाण्यासाठी नव्हे, रेशीम काळं करण्यासाठी वापरली गेली. आमामि बेटावर तर एका झाडाच्या लाकडाचा काढा आणि लोहयुक्त चिखल यांत सूत पुन्हा पुन्हा बुडवून काळं करतात. रंगारी शेतात गुडघाभर चिखलात वाकून उभा असतो.

जांभळा राजेशाही का मानतात?

कारण तो मिळायला कठीण होता आणि कायद्याने वरच्यांसाठी राखलेला होता. राजपुत्र शोतोकुच्या काळात, ६०३ साली, दरबारात टोप्यांच्या रंगावरून बारा दर्जे ठरवले गेले. कोणत्या दर्जाला कोणता रंग हे मूळ नोंदीत लिहिलेलं नाही, पुढच्या अभ्यासकांनी जांभळा सर्वात वर धरला. आठव्या शतकातल्या कायद्यात मात्र स्पष्ट आहे: पहिल्या दर्जाला गडद जांभळा, दुसऱ्या-तिसऱ्याला फिका, चौथ्या-पाचव्याला लाल, सहाव्या-सातव्याला हिरवा, त्याखाली निळा. ज्याला दर्जाच नाही त्याला पिवळा.

हा रंग मुरासाकि नावाच्या पांढऱ्या फुलांच्या रोपाच्या मुळांत असतो, आणि कॅमेलियाच्या राखेशिवाय कापडावर बसत नाही. ‘मान्योशू’ या सर्वात जुन्या काव्यसंग्रहात एक पुरुष बाजारच्या चौकात भेटलेल्या मुलीला नाव विचारतो आणि सुरुवात करतो ती जांभळ्या रंगात राख घालण्याच्या गोष्टीने. प्रेमाची विनवणी रंगाऱ्याच्या कृतीतून. ‘गेंजी’च्या लेखिकेचं नाव मुरासाकि शिकिबु, आणि तिच्या कथेत गेंजीच्या आईच्या नावात किरि वृक्ष, त्याच्या पहिल्या प्रेमाच्या नावात फुजि वेल, दोन्हींची फुलं जांभळी, आणि शेवटी त्याची लाडकी मुरासाकि. एकाच रंगाने तीन बायका ओवल्या आहेत.

या रंगावरून राजकारणही पेटलं. सम्राट मोठ्या भिक्षूंना जांभळा झगा देत असे. १६२७ मध्ये तोकुगावा शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सरकारने आपल्याला न विचारता दिलेले झगे रद्द केले. विरोध करणाऱ्या ताकुआन भिक्षूला १६२९ मध्ये हद्दपार केलं गेलं, आणि त्याच वर्षी सम्राट गो-मिझुनोओने गादी सोडली.

इतर कुणालाच घालता येत नाहीत असे राखीव रंग होते का?

होते, त्यांना ‘किंजिकि’ म्हणजे निषिद्ध रंग म्हणत. सम्राटाचा ‘कोरोझेन’ हा सोनेरी तपकिरी रंग ८२० साली सम्राट सागाने ठरवला. ‘एंगिशिकि’ या दहाव्या शतकातल्या नियमग्रंथात त्याची पाककृतीच दिली आहे: हाझे नावाच्या झाडाचं लाकूड, सुओ लाकूड, व्हिनेगर, राख आणि किती मोळ्या सरपण तेसुद्धा. यातलं सुओ म्हणजे आपल्या वैद्यांचं आणि रंगाऱ्यांचं पतंग लाकूड. ते जपानात उगवत नाही, समुद्रमार्गे यायचं. म्हणजे जपानी सम्राटाचा स्वतःचा रंग परदेशी लाकडाशिवाय बनत नव्हता.

युवराजाचा रंग नारिंगी, ‘ओनि’, करडई आणि अनंताच्या फळाचा. २२ ऑक्टोबर २०१९ ला सम्राट नारुहितो राज्यारोहणाच्या घोषणेसाठी उभे राहिले ते कोरोझेन झग्यातच.

एकावर एक रंगीत थर घालायची पद्धत काय होती?

‘कासाने’. हेइआन काळातल्या दरबारी स्त्रियांच्या बाह्या आणि काठ यांतून आतले थर डोकावत, आणि प्रत्येक रंगसंगतीला ऋतूचं नाव असे. ‘साकुरा’ म्हणजे वर पातळ पांढरं रेशीम, खाली लाल: दोन्ही मिळून चेरीच्या फुलाचा गुलाबी. त्या बाईच्या अंगावर गुलाबी कापडच नसे. पांढऱ्यातून लाल झिरपून तो तयार व्हायचा.

ऋतूच्या किंचित आधी नेसलं तर रसिकपणा, नंतर नेसलं तर गावंढळपणा. त्याच काळातली दरबारी लेखिका सेइ शोनागोन हिनेही मन विटवणाऱ्या गोष्टींच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या महिन्यातला लाल प्लमचा पोशाख घातला आहे.

जपानी निळ्याची एवढी चर्चा का होते?

कारण तो गरिबाचा आणि शूराचा, दोघांचा रंग होता. शेतकऱ्याचा सदरा, दुकानावरचा पडदा, रात्रीचं पांघरूण, सगळं निळीत बुडवलेलं. सामुराई सर्वात गडद निळा पसंत करत, कारण त्याचं नाव ‘काचि’, आणि काचि म्हणजे विजयसुद्धा. इंग्रज रसायनतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्सन १८७४ मध्ये टोकियोत आला तेव्हा सगळीकडे हा रंग पाहून थक्क झाला.

वनस्पती मात्र आपल्या निळीची नाही. आपली शेंगांच्या कुळातली, त्यांची कुट्टूच्या कुळातली. तोकुशिमा प्रांतात, जुन्या आवा देशात, वाळलेली पानं ढिगाने रचून, पाणी मारून, उलथून सुमारे शंभर दिवस कुजवतात. ढीग गरम होतो, वाफ येते, अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं. त्यातून तयार झालेलं ‘सुकुमो’ राखेच्या निवळीत कोंडा, चुना आणि साके घालून पिंपात आंबवतात. कापड बाहेर येतं ते हिरवट पिवळं, आणि वारा लागताच बघता बघता निळं होत जातं. एकदाच बुडवून आलेल्या अगदी फिक्या छटेला ‘कामेनोझोकि’ म्हणतात: पिंपात नुसतं डोकावून आलेला.

या धंद्याला मेइजी काळात आधी भारतातून आलेल्या निळीने आणि मग १८९७ पासून बाजारात आलेल्या जर्मन कृत्रिम निळीने मार दिला. चित्रकार होकुसाइच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रातला निळा मात्र मुख्यतः यापैकी नव्हे. तो युरोपात शोधलेला प्रशियन निळा, जपानीत ‘बेरो’, म्हणजे बर्लिनचा.

‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ हे काय प्रकरण आहे?

एदो काळात सरकारने व्यापाऱ्यांना भडक आणि महाग रंग घालायला बंदी केली. उरलं काय, तर तपकिरी, करडा, निळा. मग लोकांनी त्यातच शेकडो छटा काढल्या. आकडे नेमके नव्हेत, ‘चिक्कार’ एवढाच अर्थ. तपकिरीला ‘चा’ म्हणतात, म्हणजे चहाच. करड्याला ‘नेझुमि’, म्हणजे उंदीर. चहापंथाचा गुरू सेन नो रिक्यू याच्या नावाचा हिरवट करडा, काबुकी नट दान्जूरोच्या नावाचा तांबूस तपकिरी. नट रंगमंचावर जो घालेल तो गावभर. आणि वरून साध्या कोटाला आतून अस्तर मात्र चित्र काढलेलं, भरजरी.

दिशांचे रंग जपानातही आहेत का?

आहेत, चीनमधून आलेले. पूर्व आओ आणि वसंत, दक्षिण लाल आणि ग्रीष्म, पश्चिम पांढरी आणि शरद, उत्तर काळी आणि हिवाळा, मध्यभागी पिवळी माती. ‘तारुण्य’ या अर्थाचा ‘सेइशुन’ म्हणजे शब्दशः आओ वसंत. सुमोच्या आखाड्यावर छत टांगलेलं असतं, त्याच्या चार कोपऱ्यांना चार रंगांचे गोंडे दिसतात, तेही हेच. १९५२ पर्यंत तिथे खांब होते. प्रेक्षकांना दिसावं म्हणून ते काढले आणि रंग गोंड्यांत उरले.

काबुकीतल्या चेहऱ्यावरच्या रेघांचं काय?

लाल रेघा म्हणजे बळ आणि न्यायाचा संताप, निळ्या म्हणजे दुष्ट किंवा भूत, तपकिरी म्हणजे राक्षस किंवा माणसाचं रूप घेतलेला प्राणी. इथे तक्ता चालतो, कारण मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पात्र ओळखू यायला हवं.

जपानी लग्नाला किंवा अंत्यविधीला जायचं आहे. काय टाळू?

लग्नाला बायकांनी पूर्ण पांढरं नेसू नये, तो मान नवरीचा. अंत्यविधीला काळे कपडे, पुरुषांचा टायही काळा. पाकीट घेताना दोऱ्याचा रंग नीट पाहा: लाल-पांढरा आनंदाचा, काळा-पांढरा दुःखाचा, आणि कान्साइ भागात (ओसाका-क्योतोकडे) दुःखाला पिवळा-पांढराही चालतो. शंका असली तर दुकानदाराला प्रसंग सांगा, तो बरोबर काढून देईल. भेट म्हणून पांढरी शेवंती नेऊ नका. कुणाचं नाव लाल शाईने लिहू नका.

ही रंगनावं मराठीत कशी आणावीत?

माझ्याकडे येणाऱ्या भाषांतरकारांना मी सांगते, आधी इंग्रजी विसरा. ‘स्कार्लेट’मार्गे आलं की सगळं लालच होतं. मराठीत कुसुंबी आहे, मंजिष्ठी आहे, शेंदरी, पारवा, राखाडी, शेवाळी, मोतिया, बदामी, गुलबक्षी आहे. आपणही रंगांना फुलांची, पाखरांची, फळांचीच नावं देतो. कुरेनाइला, म्हणजे करडईच्या लालला, कुसुंबी म्हणा, फूल तेच आहे. आकानेला मंजिष्ठी म्हणा, कूळ तेच आहे.

एका शब्दावर मी बरीच वर्षं अडले होते. अनंताच्या फळापासून काढलेल्या पिवळ्या-नारिंगी रंगाला जपानीत ‘कुचिनाशि’ म्हणतात. कुचिनाशि म्हणजे ‘तोंड नसलेलं’. फळ पिकलं तरी उकलत नाही म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. त्यावरून या रंगाचं दुसरं नाव पडलं ‘इवानुइरो’, न बोलणारा रंग. ‘कोकिन्शू’ संग्रहात सोसेइ या भिक्षूची एक कविता आहे: यामाबुकी या पिवळ्या फुलाच्या रंगाचं हे वस्त्र कुणाचं, म्हणून विचारतो तर उत्तर येत नाही, कारण ते कुचिनाशिचं आहे. श्लेष मराठीत कसा आणायचा? मग एका सकाळी फूलवालीच्या टोपलीत गजरा दिसला. त्या केशरट फुलाला आपण काय म्हणतो आणि त्यावरून साडीच्या रंगाला काय म्हणतो, ते आठवलं. छटा थोडी वेगळी आहे, फूलही वेगळं. पण वहीत इवानुइरोसमोर मी ‘अबोली’ लिहिलं.